हजेरीची बुंदी

श्यामलालने बुंदी ठेवली तेव्हा केवळरामचा हात आधीच पुढे गेलेला होता. कोणी काही द्यायला वाकलं की उजवा तळवा पसरायचा आणि त्याखाली डावा लावायचा, हे माणसाच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की डोक्याला विचारायची गरज पडत नाही. नर्सिंग कॉलेजच्या व्हरांड्यात, प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर तो बसला होता. शिपाई स्टीलचा डबा घेऊन आला, चमचाभर बुंदी तळव्यावर टाकली आणि पुढे सरकला. बुंदी पाकाने ओली होती. एक दाणा घरंगळून बोटांच्या फटीत अडकला. समोरच्या हॉलमध्ये पोरींची आरती संपत आली होती, टाळ्या विरळ होत होत्या, आणि मग केवळरामला समजलं की हातावर जे आहे ते देवीपुढून आलेलं आहे. विंचवावर हात पडावा तसा तो दचकला. पण विंचू झटकता येतो. त्याने मूठ मिटली.

"खा ना काका," श्यामलाल परत जाताना म्हणाला. "शुगर आहे का?"

"हो," केवळराम म्हणाला. शुगर नव्हती.

"मंग अर्धी खा." स्वतःच्याच बोलण्यावर हसत शिपाई हॉलकडे निघून गेला.

आता ही मूठ उघडायची कुठे? बाकाशेजारी कचऱ्याचा डबा होता, पण डब्याच्या वर कॅमेरा होता. ज्याची पोरगी प्रसाद घेत नाही म्हणून बापाला बोलावून घेतलं, त्या बापाने प्रसाद कचऱ्यात टाकला तर पुढे बोलायला काही उरणारच नव्हतं. खिशात टाकावी तर खिशासोबत ती घरी जाईल. दुसऱ्या कोणाला द्यावी तर जवळ कोणी नाही, आणि आपण जे तोंडात घालत नाही ते दुसऱ्याच्या हातावर ठेवायचं हेही त्याला पटेना. साखरेच्या चार गोळ्यांनी पन्नाशीच्या माणसाला बाकाला बांधून टाकलं. मुठीत घाम आला, घामात पाक विरघळला, आणि बोटं एकमेकांना चिकटायला लागली.

केवळरामचं घर मार्गातलं होतं. तिरोड्याकडे कोणालाही एवढं सांगितलं की पुरतं. एकच भगवंत, त्याला तोंड नाही, हात नाही, फोटो नाही. मूर्तीपुढे वाकायचं नाही, दुसऱ्या देवाचा प्रसाद खायचा नाही, दारूला शिवायचं नाही. आणि हे एकट्याने पाळून भागत नाही. एका चुलीवर जेवणाऱ्या सगळ्यांनी पाळायचं. भोजराज म्हणून गावातलाच माणूस होता, त्याने त्यांना मार्गात आणलं. तो धानाच्या भाषेत, शेताच्या बांधाचा दाखला देऊन समजावून सांगायचा. "बांधीचा धुरा एका जागी फुटला तरी पाणी सगळ्या बांधीचं जाते का नाही? तसंच आहे गा हे. घरातल्या एकानं मोडलं का सगळ्याचंच गेलं." तेव्हा केवळरामला हे फार बरं वाटलं होतं. एकट्याच्या जिवावर त्याने दारू सोडून पाहिली होती, पुन्हा पुन्हा पाहिली होती. दर वेळी तो एकटाच होता आणि दारूच्या बाजूला सगळं गाव होतं. आता त्याच्या बाजूला निदान बायको आणि पोरगी बांधून घातलेली होती.

मार्गात यायचं तर आधी घरातले देव काढावे लागतात. ते काम त्याच्या पोरीने, नूतनने केलं होतं. चौथी-पाचवीत असेल. बायको नंदाबाई कोपऱ्यात तोंडाला पदर लावून बसलेली, केवळरामचे हात कापत होते म्हणून त्याच्याकडे कोणी काही देईना, तर पोरीने एकेक देव उचलून टोपलीत ठेवला. लग्नात आलेली अन्नपूर्णा, पितळेचा बाळकृष्ण, आजाने कधी काळी बसवलेला दुल्हादेव. भिंतीतून दुल्हादेवाचा दगड निघेना तेव्हा तिने उलथन्याने माती उकरली. टोपली डोक्यावर घेऊन ती चोरखमाऱ्याच्या तलावाला पुढे चालत गेली आणि हे दोघं गुन्हेगारांसारखे मागे. पाण्यात सोडताना तिने विचारलं होतं, "बाबूजी, हे आता रागावतील का?" केवळरामला त्या क्षणी देवाची भीती नव्हती. तलावाच्या पाळीवर ऊन होतं, जीभ टाळूला चिकटली होती, आणि पाळीच्या पलीकडे मोहाची दारू कोणाच्या घरी मिळते ते त्याला माहीत होतं. तो गेला नाही. का गेला नाही हे आजही त्याला सांगता येत नाही. भगवंत आहे की नाही याच्याशी त्याला खरं म्हणजे फारसं घेणंदेणं नव्हतं. नियम होता. नियम म्हणजे विनादाराची भिंत. दार असतं तर त्याने ते उघडलं असतं, हे तो स्वतःला ओळखून होता.

फोन वाजला. उजव्या खिशातला फोन डाव्या हाताने काढताना तो वेडावाकडा झाला.

"काय म्हणून राहिले ते?" पलीकडून नंदाबाई.

"अजून बाहेरच बसलो आहो."

"भांडू नका. पण पोरीले झुकू नका देऊ. आणि तिथं काही खाल्ले-पिल्ले नाही ना?"

"नाही."

"तुमचा आवाज असा काऊन येऊन राहिला?"

"असा म्हणजे कसा?"

"हातात काही धरून बोलल्यासारखा."

त्याने फोन ठेवला. या बाईला भिंतीपलीकडचं ऐकू येतं. दारूच्या दिवसांत तो कितीही बडीशेप खाऊन आला तरी ती अंगणातूनच ओळखायची. तिचं म्हणणं आजही सरळ होतं: पोरगी शिकली नाही तरी चालते, घर फुटलं तर चालत नाही. तिच्या जागी ती खरीच होती. तिने फुटलेलं घर पाहिलं होतं, शिकलेली पोरगी अजून पाहिलेली नव्हती. केवळरामला मात्र नूतनच्या अंगावरचा तो पांढरा कोट हवा होता. हावऱ्यासारखा हवा होता. गाव सोडून गोंदियात ढेप-चुनीचं दुकान टाकलं ते त्याच्यासाठीच. जनावरांचं खाद्य विकून घरात भात शिजत होता. या कॉलेजची फी त्यातून निघाली नसती. फी सरकार भरत होतं. केवळराम पोवार, इतर मागासवर्गात मोडणारा, उत्पन्न कमी, पोरगी हुशार. म्हणून सरकार भरत होतं. दरवर्षी नूतनने अर्ज करायचा, कॉलेजने तो पुढे पाठवायचा. पाठवायला एक अट, हजेरी पुरेशी हवी.

आणि हजेरीचं यंत्र कॉलेजने देवीच्या बाजूला लावलं होतं. ही कोणाची अक्कल, काही पत्ता नव्हता. सकाळी हॉलमध्ये आरती, आरतीनंतर प्रसाद, प्रसादानंतर अंगठा. पहिली दोन वर्षं नूतन दाराबाहेर उभी राहायची, आरती झाली की आत जाऊन अंगठा लावायची, कोणी विचारायचं नाही. मग संस्थेचे अध्यक्ष एकदा सकाळी आले. त्यांनी स्वतःच्या हाताने पोरींना प्रसाद द्यायला सुरुवात केली. नूतनची पाळी आली तेव्हा ती हात मागे बांधून म्हणाली, "मला नाही चालत सर." एवढंच. अध्यक्ष काही न बोलता पुढे गेले म्हणे, पण त्यांचं गप्प राहणं प्राचार्यांना महागात पडलं असणार. दुसऱ्या दिवसापासून नियम निघाला. जी आरतीला नाही तिचा अंगठा नाही. नूतन रोज सगळी लेक्चरं करत होती, दवाखान्यात ड्युटी करत होती, म्हाताऱ्यांचे बेडपॅन उचलत होती. आणि यंत्राच्या हिशोबी ती कॉलेजात येतच नव्हती.

"चला बाबूजी." नूतन समोर उभी होती. पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले. तिने त्याच्या मुठीकडे पाहिलं. "हातात काय आहे?"

"काही नाही."

"बुंदी आहे." ती हसली नाही. "श्यामलालकाका कोणालाच सोडत नाहीत. चला आत. मूठ उघडू नका."

प्राचार्य चंद्रकुमार सर उठून उभे राहिले. माणूस वाईट दिसत नव्हता, हीच पंचाईत होती. केवळराम रस्ताभर ज्याच्याशी मनातल्या मनात भांडत आला होता तो कोणी दुसराच होता. हा तर घामाघूम, ढेरपोट्या, चष्मा पुसणारा. त्यांनी हात जोडले. केवळरामला हात जोडता येईनात. त्याने मिटलेली मूठ छातीशी नेली आणि डावा हात तिला लावला, आणि तो नमस्कार न होता कुस्तीच्या आखाड्यातला पवित्रा झाला. सरांनी ते पाहिलं आणि बसा म्हणाले.

"तुमची मुलगी हुशार आहे हो. पण हट्टी आहे. अरे भाई, वंदनेला उभं राहायचं, दोन दाणे तोंडात टाकायचे. कोणी विष देतंय का?"

"नाही जी."

"इथे शिस्त आहे. उद्या ऑपरेशनला उभी राहील आणि म्हणेल मला नाही चालत, तर?"

"ऑपरेशनमध्ये प्रसाद वाटतात का सर?" नूतन म्हणाली.

"बघा!" सरांनी केवळरामकडे हात केला. जणू पोरीचं तोंड हा त्याचा माल होता आणि तो खराब निघाला. "ही भाषा. मी चार वेळा समजावलं. मुसलमान मुलगी आहे वर्गात, तिला आम्ही लायब्ररीत बसवतो, तिचा अंगठा तिथे वहीवर घेतो. बौद्ध मुलींनी त्यांच्या संघटनेचं पत्र आणलं, ठीक आहे, त्यांनाही बसवलं. आम्ही कोणाच्या धर्माच्या आड येत नाही. पण तुम्ही तर आपले आहात ना? दाखल्यावर काय आहे? हिंदू पोवार. आपल्याच घरच्या माणसाने असं केलं तर कसं?"

आपले. हा शब्द केवळरामच्या कानात जाऊन बसला आणि पुढचं त्याला ऐकू येईना. आपला असल्याचा एवढा दंड. परका असता तर लायब्ररीत पंख्याखाली बसवलं असतं, वहीवर अंगठा घेतला असता. ज्याचा दुसरा देव आहे त्याची सोय आहे. ज्याने ह्याच देवांतून बाहेर पाय टाकला त्याची नाही. दुल्हादेव तलावात सोडला, पण दाखल्यातून कोण सोडवणार? आणि सोडवावं म्हटलं तर तिथे हिंदूच्या जागी काय लिहायचं? मार्गाला नाव होतं, पण सरकारच्या यादीत ते नाव नव्हतं, आणि भोजराजला त्याने विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, "आपण कोणाशी भांडत नाही गा. भगवंत पाहून घेईल." भगवंताला तोंड नाही, हात नाही. तो कॉलेजला पत्र कसं देणार?

"सर, तिला बसवता ते चांगलंच करता," नूतन बोलत होती. "मलापण बसवा तिच्याजवळ."

"तू कोण म्हणून बसवू? हिंदू म्हणून सवलत घ्यायची आणि हिंदूचा प्रसाद चालत नाही?"

"शिष्यवृत्ती जातीवर आहे सर. आरतीवर नाही. सरकार पैसे देते. देवी देत नाही."

सरांचा चेहरा उतरला, मग चढला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच ते मऊ आवाजात बोलले, आणि तो मऊ आवाज केवळरामला जास्त वाईट वाटला. "केवळरामजी, अर्ज पाठवायची मुदत उद्या संपते. माझ्या लॉगिनला तो पडून आहे. मी बटण दाबलं की जातो. मला वरून बोलणी खावी लागतात हो. तुम्ही तिला एवढं सांगा की माझ्यासमोर दोन दाणे घे. हजेरीचं मी पाहतो. मग तुम्ही तुमच्या घरी काय मानायचं ते माना ना, कोण अडवतंय?"

घरी काय मानायचं ते माना. हा माणूस खरंच असं समजत होता की मानणं ही घरी ठेवायची वस्तू आहे, चपलेसारखी. केवळरामने नूतनकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, त्याच्या मुठीकडे पाहत होती. आणि त्याला एकाएकी स्पष्ट दिसलं की ही पोरगी कोणासाठी हात मागे बांधून उभी राहिली. भगवंतासाठी नाही. ती दहा वर्षांची असताना कालव्याच्या काठावर त्याला शोधायला यायची. तो चिखलात पडलेला असायचा. ती हाक मारायची नाही, रडायची नाही, त्याच्या चपला शोधून हातात घ्यायची आणि पुढे चालायला लागायची, तो मागे. बायका दारातून पाहायच्या. कोणी म्हणायचं, "पाहा वो, पोरगी बापाले चारून आणून राहिली." म्हणजे गाईला चारून आणतात तसं. मार्गात आल्यावर ते बंद झालं. तिने देव उकरून काढले आणि तिचा बाप उभा राहिला. तिच्या लेखी हिशोब एवढाच. तिने दोन दाणे खाल्ले आणि तो पुन्हा कालव्यावर गेला तर ते तिने केलेलं ठरणार होतं. भोजराजचा तो धुरा पोरीने स्वतःच्या अंगाचा केला होता. केवळरामला नऊ वर्षं जी भिंत बरी वाटली ती पोरीच्या पाठीवर उभी होती.

मग धुरा आपणच फोडावा. विचार इतका सोपा होता की त्याला हसू आलं. आपण खाल्लं म्हणजे घराचं मोडलंच. मोडलेलं पाळायची गरज नाही. पोरगी मोकळी. तिने दोन दाणे खावेत, अर्ज जावा, कोट अंगावर राहावा. आपलं काय व्हायचं ते होईल.

त्याने मूठ उघडली. बुंदीचा आता लगदा झाला होता, तळव्याच्या रेषांत पिवळा बसला होता. त्याने तळवा तोंडाला लावला आणि खाल्लं. चाटून खाल्लं.

"बाबूजी!"

"झालं!" प्राचार्य टेबलावर हात आपटून म्हणाले. त्यांना खरोखर आनंद झाला होता. "हेच तर मी सांगत होतो. काय झालं? छत पडलं का? नूतन, बघ, वडील किती समजदार आहेत. श्यामलाल, डबा आण."

गोड केवळरामच्या दाढांत शिरलं. दारू सुटली तेव्हा सुरुवातीचे महिने त्याला गुळाची भयंकर ओढ लागली होती; नंदाबाई गुळाचे खडे करून त्याच्या उशाला ठेवायची. दारूच्या जागी शरीर गोड मागायचं. आज उलटं झालं. गोड जिभेवर आलं आणि जीभ म्हणाली, हे नाही, ते. तितकी जुनी ओळख. ती तहान नऊ वर्षं झोपलीच नव्हती असं त्याला वाटलं; ती डोळे मिटून पडली होती.

श्यामलाल डबा घेऊन उभा राहिला. चमचा भरला.

"घे बेटा," सर म्हणाले.

"नाही सर."

"नूतन," केवळराम म्हणाला. "आता मोडलं ना मी. आता तुले कायचं बंधन? घे. संपव."

ती त्याच्याकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते, आणि तो घाबरला. "तुमचं मोडलं बाबूजी. माझं नाही मोडलं."

"घराचं एकच असते."

"घराचं घरी. इथं माझं आहे." मग प्राचार्यांकडे: "सर, एका कागदावर लिहून द्या. प्रसाद खाल्ला नाही म्हणून अर्ज पाठवत नाही, एवढंच. खाली सही करा. मी जाते."

"मी काहीही लिहून देणार नाही. हजेरी नाही, विषय संपला."

"मग मी लिहीन."

श्यामलाल चमचा भरलेला हात तसाच धरून उभा होता. त्याला तो परत डब्यात टाकावा की नाही ते कळेना. शेवटी त्याने तो स्वतःच्या तोंडात टाकला.

बाहेर रस्त्यावर ऊन आणि ऑटोंचे भोंगे. दोघं चालत निघाले. नूतन पुढे, तो मागे. केवळराम तिच्या टाचांकडे पाहत होता. त्याला वाटत होतं ती ओरडेल, आणि ओरडली तर बरं होईल.

"कायले खाल्ले तुम्ही?" ती न वळता म्हणाली. आता ती घरच्या बोलीत आली होती.

"तुझ्यासाठी."

"मी म्हणली होती का?"

"तू माझ्याचसाठी उभी होती ना बाहेर? मले समजते. म्हणून म्हटलं, कारणच काढून टाकू."

ती थांबली. "पहिले तुमच्यासाठीच होती. खरं सांगते. मले त्या भगवंताचं बी काही माहीत नाही. पण मंग त्याईनं माझा अंगठा घेणं बंद केलं. रोज. माझ्यासमोर पोरी अंगठा लावून जाऊन राहिल्या आणि मी दारात. कोणी म्हणे माझ्यावर बाहेरची हवा आहे, कोणी म्हणे धर्म बदलायचे पैसे घेतले. तवापासून ते तुमचं नाही राहिलं, बाबूजी. ते माझं झालं. तुम्ही एकदा विचारलं असतं तर सांगतली असती."

त्याने विचारलं नव्हतं. बापांना सवय असते, पोरीच्या मनात काय आहे ते आपल्याला माहीतच आहे असं धरून चालायची. त्याने आपलं एकुलतं एक जपलेलं उचललं आणि जिथे त्याची गरजच नव्हती तिथे फेकलं. प्राचार्य खूश झाले, श्यामलालला बुंदी मिळाली. पोरगी जिथे होती तिथेच राहिली, आणि तो मात्र भिंतीच्या बाहेर आला. त्याला आता गंमतच वाटली. एवढ्या मोठ्या आयुष्यात एकच बलिदान दिलं आणि तेही चुकीच्या पत्त्यावर.

"आता कुठं?" त्याने विचारलं.

"कल्याण विभागाच्या ऑफिसात. तक्रार देते. आजची पोच पाहिजे. उद्या मुदत संपली तर ते म्हणतील आधी काऊन नाही सांगतलं."

"ऐकतील का ते?"

"मले काय माहीत. आपले हो ना आपण. तेबी आपलेच म्हणतील." ती कडवट हसली. तिला असं हसताना त्याने पहिल्यांदा पाहिलं, आणि ते हसू नंदाबाईचं होतं, दारूच्या दिवसांतलं.

चौकात ते वळले. केवळरामने मान वळवली नाही. मान वळवायची गरजच नव्हती. गोंदियात आल्यापासून त्या चौकातून तो रोज जात होता आणि डाव्या हाताला देशीचं दुकान आहे हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. पण दुकानाचा जाळीचा दरवाजा, आत बसलेल्या माणसाचा बनियन, फुटाण्याची पुडी बांधायचा आवाज, हे सगळं शरीराने परस्पर टिपून ठेवलेलं निघालं. तोंडात पाणी सुटलं. गोडाचं नाही. त्याने आवंढा गिळला. तो गिळण्याचा आवाज फक्त त्याला आला असेल. पण नूतनची पावलं थांबली. कालव्याच्या काठावरच्या पोरीला असे आवाज ऐकू येतात.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. नर्सने पेशंटकडे पाहावं तसं, डोळे, ओठ, हात.

"चला घरी," ती म्हणाली.

"आणि ऑफिस?"

"उद्या जाईन."

"उद्या कायचं? आत्ताच म्हणली ना."

"चला म्हणते ना."

ती उलट दिशेला चालायला लागली. घराकडे. आणि केवळरामला दिसलं की हे आता असंच राहणार. कॉलेजने तिचा अंगठा अडवला होता, आणि आता तिचे पाय तो अडवणार होता, त्याच्या घशाला कोरड पडली म्हणून. ऑफिस संध्याकाळी बंद होईल, तक्रार होणार नाही, उद्या मुदत संपेल, प्राचार्य म्हणतील मी तर बटण दाबायला बसलो होतो. आणि तिकडे कोणाला कधी कळणारही नाही की एका पोरीचा अर्ज का गेला नाही. आळशी असेल, म्हणतील. आपलीच होती, म्हणतील.

"नूतन, थांब."

त्याचं ढेपेचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. त्याने तिला तिकडे नेलं. ती प्रश्न विचारत राहिली, त्याने उत्तर दिलं नाही. बोललो तर विचार बदलेल अशी भीती होती. शटर वर केलं. ढेपेचा आंबूस वास आला. तो आत जाऊन चुनीच्या पोत्यावर बसला आणि किल्ली तिच्यापुढे धरली.

"बाहेरून लाव."

"काय बोलून राहिले तुम्ही?"

"शटर पाड. कुलूप लाव. किल्ली घेऊन जा. तक्रार दे, पोच घे, मंग येऊन उघड."

"मी बापाले कुलपात नाही टाकत."

"मंग माझ्यामागं फिर आयुष्यभर. चपला हातात घेऊन." हे बोलायचं नव्हतं. तिचा चेहरा पांढरा पडला. तो घाईने म्हणाला, "मले माझा भरवसा नाही बेटा. आज नाही. उद्याचं उद्या पाहू. नियम होता तवा भिंत होती. आता ती मी खाल्ली. तर ही लोखंडाची घे. जा. आजचा दिवस निघून जाईल."

ती उभी राहिली. त्याला वाटलं ती आत येऊन बसेल, त्याच्याजवळ, पोत्यावर, आणि मग दोघंही इथेच राहतील. तिने किल्ली घेतली. वर हात करून शटर धरलं. क्षणभर तिचा अख्खा आकार उजेडात काळा दिसला.

"आईले काय सांगू, फोन आला तर?"

"दुकानात आहो म्हणून सांग. खोटं नाही."

शटर खडखडत खाली आलं. कुलपाचा आवाज झाला. तिने ते एकदा ओढून पाहिलं. त्याला आतून शटर हललेलं दिसलं. मग तिची पावलं, भरभर, आणि गल्लीच्या टोकाला गेल्यावर धावत.

अंधारात डोळे सरावायला वेळ लागला. शटरच्या खालून उन्हाची एक पट्टी येत होती. जीभ टाळूवर फिरत होती, दाढेत अडकलेला बुंदीचा कण शोधत होती, सापडत नव्हता. घसा ओरडत होता. त्याने दोन्ही हातांनी पोत्याची शिवण धरून ठेवली. भगवंताचं नाव घ्यावं असं त्याच्या मनात आलं, पण कोणत्या तोंडाने, हा प्रश्न होता, आणि प्रश्न सुटला नाही म्हणून नाव राहिलं. तो नुसता बसून राहिला.

बाहेर मोटारसायकल येऊन थांबली. कोणीतरी शटरवर थाप मारली.

"केवळराम भाऊ! ढेप पाहिजे होती गा!"

केवळरामने पोत्याची शिवण आणखी घट्ट धरली.

"अबे, कुलूप आहे," दुसरा आवाज म्हणाला. "कोणी नाही आत. चल, पुढच्या दुकानात पाहू."

तो होता आत. त्याने हाक दिली नाही.